डिकीतलं मीठ

पनवेलला मुद्दाम कुणी जात नाही, पनवेलवरून जातात. कोकणात जाणारे, गोव्याला जाणारे, मुंबईकडं वळणारे, सगळे तिथं चहा घेतात, पाय मोकळे करतात आणि पुढं सुटतात. मीही गेल्या छत्तीस वर्षांत पन्नासएक वेळा पनवेलवरून गेलो असेन, पण पनवेल पाहिलं असं म्हणायची सोय नव्हती. या वैशाखात ती झाली. सकाळी साडेदहापासून दुपारी साडेतीनपर्यंत मी पनवेलच्या एकाच गल्लीत होतो, आणि त्यातली काही मिनिटं तर स्वतःच्या गाडीच्या डिकीवर बसून होतो. त्रेसष्ट वर्षांचा, निवृत्त, भूगोलाचा मास्तर, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, भर रस्त्यात डिकीवर. बार्शीत कुणी पाहिलं असतं तर वर्षभर चर्चेला पुरलं असतं.

जायचं होतं जासईला. पनवेलहून उरणकडं जाताना लागणारं हे गाव म्हणजे माझी सासुरवाडी. मेहुणा जनार्दन, त्याची एकुलती एक मुलगी प्राची, तिचं लग्न. लग्न दुसऱ्या दिवशी होतं, पण आगरी लोकांत लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा. आमच्या बार्शीत हळद म्हणजे सकाळी अंगणात पाटावर बसवलं, चार बायकांनी लावली, आंघोळ घातली, संपलं. इथं हळदीला मांडव, जेवणावळी, गाणी, डीजे, आणि लग्नाला न येणारा माणूसही हळदीला येतोच. मला त्या संध्याकाळच्या आत पोचायचं होतं, कारण हळदीत नवरीला नेसवायचं लुगडं माझ्याकडं होतं.

म्हणजे माझ्याकडं कसलं, माझ्या बायकोचं होतं ते.

सुमन बाविसाव्या वर्षी नर्स म्हणून बार्शीच्या सरकारी दवाखान्यात आली. मी टायफॉइड घेऊन तिथं दाखल झालो आणि बरा होऊनही दवाखान्यात जात राहिलो. घरच्यांना विचारलं असतं तर दोन्हीकडून नकारच आला असता, म्हणून विचारलंच नाही. रजिस्टर लग्न केलं. साक्षीला शाळेचा शिपाई आणि दवाखान्यातली एक सिस्टर. तिच्या वडिलांनी चार वर्षं आमचं नाव काढलं नाही. चार वर्षांनी राग निवळला तेव्हा सासूबाईंनी पेटीतून एक लुगडं काढून तिच्या हातात दिलं. हिरवंगार, लाल काठांचं. लेकीच्या हळदीसाठी म्हणून त्यांनी ते आधीच घेऊन ठेवलं होतं.

सुमननं ते कधी नेसलं नाही. मी म्हणायचो, दिवाळीला नेस, संक्रांतीला नेस. ती म्हणायची, "हळदीचं लुगडं हळदीतच नेसायचं." तिची स्वतःची हळद तर माझ्यामुळं राहिली होती, तेव्हा मी पुढं बोलत नसे. आम्हाला मूल झालं नाही. प्राची झाली तेव्हा बारशातच सुमननं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हिच्या हळदीला ते लुगडं मी नेसवणार. माझ्या हातानं." जासईला गेलो की दर वेळी ती आठवण द्यायची, आणि प्राची लहानपणापासून विचारायची, "आत्ती, माझं लुगडं नीट ठेवलंस ना?"

मागच्या श्रावणात सुमन गेली. चार दिवसांचा ताप, बस. आयुष्यभर दुसऱ्यांचे ताप उतरवले, स्वतःचा उतरवायला वेळ मिळाला नाही.

भरताना

गाडी चौदा वर्षांची आहे, पण डिकी भरायचं काम चौदा वर्षांत मी एकदाही केलं नव्हतं. ते तिचं खातं. मी नुसता बाजूला उभा राहून घाई करायचो. तिचा नियम होता: जे सगळ्यात आधी काढायचं, ते सगळ्यात शेवटी ठेवायचं, दाराच्या तोंडाशी. या वेळी मी तसंच केलं. तळाशी माझी बॅग, डावीकडं जनार्दनसाठी शाळूचं वीस किलोचं पोतं, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आणि सगळ्यात शेवटी, तोंडाशी, सोलापुरी चादरीत बांधलेलं लुगडं.

डिकी गेल्या उन्हाळ्यापासून उघडलीच नव्हती. तीन धक्क्यांनी उघडली. भरल्यावर लागेना, तेव्हा मी तिच्यावर छाती टेकून सगळा भार टाकला. खट् झालं. मला बरं वाटलं. जमलं म्हटलं, एकट्याला जमतंय.

पुण्यात एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पनवेलला आलो आणि स्टँडजवळ नेहमीच्या जागी गाडी लावली. नेहमीची म्हणजे तिची. एसटीनं जात होतो तेव्हापासून सुमन पनवेलला उतरून तोंड धुवायची, पिशवीतून कडक इस्त्रीचं पातळ काढून नेसायची, केस विंचरायची, गजरा घ्यायची, आणि मगच माहेरी जायची. "प्रवासानं मळलेली लेक बघितली की आयला वाटतं, पोरीचे हाल आहेत," असं तिचं म्हणणं. मला हा उशीर सहन व्हायचा नाही. मी घड्याळ दाखवायचो. आता मीच सदरा बदलला, तोंड धुतलं आणि एक गजरा घेतला. गजरा कुणासाठी घेतला ते मला सांगता येणार नाही. हात गेला, घेतला. मग म्हटलं, लुगडं पुढच्या सीटवर घेऊ, मानाची वस्तू मागं टाकून घरात शिरायला नको.

सीटशेजारची दांडी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. किल्ली लावून फिरवली, किल्ली आपली गोल फिरली. डिकीवर थापा मारल्या, गुद्दे मारले, शेवटी तिच्याशी बोललोसुद्धा. शेजारच्या गॅरेजमधला एक माणूस पहार आणि तेलाची स्प्रे-बाटली घेऊन आला आणि म्हणाला, "सर, पाच मिनिटांचं काम. तेल मारतो, खालून पहार लावतो, नाही उघडली तर पत्रा कापतो." त्यानं बाटलीची नळी किल्लीच्या भोकाला लावली आणि मी त्याचा हात धरला. त्या भोकाच्या बरोबर खाली लुगडं होतं. छत्तीस वर्षं डाग न पडलेलं.

"तोंडाशीच कशाला ठेवायचं?" तो वैतागून म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

एक रिक्षावाला हे सगळं मन लावून बघत होता. तो म्हणाला, "काका, जपून पायजे असंल तर बशीरभाईकडं न्या. मागच्या गल्लीत. पन घाई असंल तर नका नेऊ."

बशीरभाई

बशीरभाईंचं दुकान म्हणजे एक शटर, आत किल्ल्यांनी भरलेली भिंत, आणि बाहेर लोखंडी स्टूल. माणूस सत्तरीला टेकलेला, डोक्याला जाळीची टोपी, चष्म्याच्या एका काडीला दोरा. ते कपाटांची, तिजोऱ्यांची आणि गाड्यांची कुलपं उघडतात. गाडी शटरसमोर लावून मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. स्टूल पुढं सारलं.

"बसा मास्तर. आधी सांगा, आत काय काय आहे आणि कुठं आहे. डावीकडून सुरू करा."

मी म्हटलं, त्याचा काय संबंध?

"उघडणारा मी, पण भरणारे तुम्ही. न विचारता हात घातला तर आतल्या चीजेचा नुकसान होतो."

मग मी डावीकडून सुरू केलं. पोतं, डबा, बॅग. मी वर्गात घ्यायचो तशी माझीच तोंडी परीक्षा चालली होती. चादरीतल्या गाठोड्याशी आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यात काय?" मी म्हणालो, लुगडं. "कुणाचं?" आणि त्या एका प्रश्नाला मी अर्धा तास उत्तर दिलं. टायफॉइडपासून श्रावणापर्यंत सगळं. भावकीत, शेजारात, शाळेतल्या जुन्या मंडळींत कुणापुढं नऊ महिन्यांत एवढं बोललो नव्हतो. बशीरभाईंनी मध्ये एकदाही मान हलवली नाही की चुकचुकले नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे अमानत आहे. मग ताकद नाय लावायची."

पहिला उपाय साधा होता. मी डिकीवर बसायचं, म्हणजे दाबानं आकडा सैल होईल, आणि त्यांनी आतून दांडी ओढायची. मी बसलो. ते म्हणाले, जरा डावीकडं. मी डावीकडं सरकलो. जरा हलून बघा. मी हललो. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं चहा पिणं थांबवून बघत होती. एकानं आदरानं नमस्कारही केला. त्याला काय वाटलं देव जाणे. डिकी उघडली नाही.

तेवढ्यात जनार्दनचा फोन आला.

"भावजी, कुठं हायेव तुमी? पोरगी सकालपासून इचारते, मामा आले का, मामा आले का."

आत्याचा नवरा तो मामा, हे आमच्याकडंही तसंच. पण बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडं दाजी म्हणतात, इथं भावजी. मला तो शब्द अजून सवयीचा झालेला नाही, पण त्या दिवशी कुणीतरी आपल्याला काहीतरी म्हणतंय यानंच बरं वाटलं. मी डिकीचं सांगितलं.

"उघरत नाय तं फोरा ना ती! आमी नवीन बसवून देतू."

"लुगडं आहे आत, जनार्दन."

तो हळू आवाजात म्हणाला, "चार वाजता तिला नेसवाला घेतील. आमी थांबतूं. पन बायका किती थांबतील, माहीत नाय."

साडेअकरा वाजले होते.

बशीरभाईंनी मागची सीट काढायला घेतली. बसायची गादी उचलली, पाठीचे दोन नट सोडवले, पाठ वर सरकवून काढली. मागं माणूस आडवा आत शिरेल एवढी फट, आणि फटीत घट्ट बसलेलं माझं शाळूचं पोतं. ते पुढं येईना, मागं जाईना. शेवटी पोत्याला ब्लेडनं चीर दिली आणि वाडग्यानं शाळू उपसायला लागलो. मी वाडगा भरायचो, बशीरभाई प्लास्टिकच्या कागदावर ओतायचे. बार्शीचा टपोरा शाळू पनवेलच्या गल्लीत पसरला आणि कुठून कुठून कबुतरं आली. टपरीवाल्या बाईंनी विचारलं, "हे काय, गहू?" मी ताठ होऊन सांगितलं, शाळू, ज्वारी. त्यांनी एक दाणा दाताखाली धरला आणि म्हणाल्या, "आमच्याकडं तांदळाचीच भाकरी." सुमननंही पहिल्या वर्षी हेच ऐकवलं होतं. ज्वारीची भाकरी थापताना तिचे हात भाजायचे, आणि मी कौतुकानं बघायच्या ऐवजी भाकरीची जाडी मोजायचो.

चटणीचा डबा हाताला लागला, तो बाहेर काढला. भूक लागलीच होती. टपरीवरचे पाव आणले आणि आम्ही दोघं शटरमध्ये बसून पाव-चटणी खाल्ली. बशीरभाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मास्तर, हे खाता रोज? माशाल्ला." दोन पाव आणखी घेतले त्यांनी.

खाऊन ते फटीतून कमरेपर्यंत आत शिरले. बॅटरीचा उजेड हलताना दिसत होता. मग आवाज आला, "मास्तर, कापड अडकलंय लॉकमध्ये."

मी छाती टेकून दाबलं होतं ना, त्याच वेळी. "कोणतं कापड?"

"हिरवं."

सोलापुरी चादरही हिरवी. आता ती चादर की लुगडं, हे त्या अंधारात आणि त्या उजेडात कसं कळणार? मी विचारत राहिलो, जाड आहे का, पातळ आहे का, काठ दिसतो का. ते म्हणाले, "ओढून कळेल, पण ओढलं तर फाटेल. नाय ओढायचं." मी स्टुलावर बसलो. चाळीस वर्षांत कधी हात जोडले नव्हते, ते त्या गल्लीत मनातल्या मनात जोडले, आणि देवाला नाही, तिलाच म्हणालो, बाई, एवढं सांभाळ, माझ्यानं एकट्यानं होत नाही गं.

बशीरभाई बाहेर आले. बोटाच्या टोकावर लॉकचा पापुद्रा निघाला होता, तांबूस-पांढरा. त्यांनी तो नाकाशी नेला. मग चक्क जिभेला लावला.

"हा नुसता गंज नाय. मीठ आहे हे." त्यांनी गाडीच्या नंबरप्लेटकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "गाडी सोलापूरची, आणि गंज उरणचा? तिकडच्या गाड्या मी रोज बघतो. डिकीत मीठ नेत होते काय?"

आता सांगायलाच हवं. सुमनच्या माहेरी शेतीबरोबर मिठागर. दर खेपेला परत निघताना ती डिकीच्या उजव्या कोपऱ्यात खड्यांच्या मिठाची कापडी पिशवी ठेवायची, आणि तिच्यावर सुकटीचं पुडकं. पिशवीला पाणी सुटायचं, डिकीला वास यायचा, आणि मी बार्शीपर्यंत बोलत राहायचो. "आमच्या बार्शीत मीठ मिळत नाही का?" ती म्हणायची, "मिळतं की." आणि पुढच्या खेपेला पुन्हा आणायची. घरी आलो की मी साबणाच्या पाण्यानं डिकी घासायचो, तिला दिसेल अशी, मुद्दाम. मात्र त्याच मिठाचा एक मोठा खडा मी दर वर्षी वर्गात न्यायचो आणि उंच धरून सांगायचो, "मुलांनो, हे माझ्या सासऱ्यांच्या मिठागरातलं मीठ." त्या तासाला माझी छाती नेहमीपेक्षा दोन इंच जास्त असायची. फळ्यावरची माझी मिठागराची आकृती सुमननं एकदा वहीत पाहिली तेव्हा ती पोट धरधरून हसली होती. मी खाडीचं पाणी ज्या बाजूनं आत घेतलं होतं, त्या बाजूनं ते आलं असतं तर सगळं मीठ वाहून गेलं असतं, म्हणे.

बशीरभाई उठले. "तेल मारून काय उपेग नव्हता. मीठ तेलाचं नाय ऐकत. पाण्याचं ऐकतं."

त्यांनी टपरीवरून किटलीभर गरम पाणी मागवलं. गाठोड्यावर प्लास्टिक पसरलं, एका काडीला कापूस गुंडाळला आणि पुन्हा आत शिरले. काडी पाण्यात बुडवायची, लॉकवर टेकवायची, थांबायचं. पुन्हा बुडवायची. मी बाहेरून गरम पाण्याची वाटी बदलून देत होतो. गार झाली की दुसरी. दीड तास. गल्लीतल्या उन्हात डांबर मऊ झालं होतं, आणि तो म्हातारा माणूस भट्टीसारख्या डिकीत कमरेपर्यंत आडवा, मिठाचा एकेक कण विरघळवत होता. मी दोनदा म्हटलं, थोडं थांबू या का? आतून आवाज आला, "मास्तर, वाटी."

तीनला पाच कमी असताना आतून बारीक खुट् झालं. बशीरभाई ओरडले, "उचला!"

मी झाकण उचललं.

आणि वास आला. मिठाचा, सुकटीचा, ओलसर, खारट. मी ज्याच्यावरून चौदा वर्षं भांडलो तो. घासूनही फटींत वर्षभर सुकून राहिला होता, तो गरम पाण्यानं जागा होऊन एकदम तोंडावर आला. घरातल्या कपाटातला तिचा वास कधीच गेला होता. मी रोज दार उघडून बघायचो, नुसत्या डांबराच्या गोळ्या. आणि ती इथं होती. मी झाकण धरून तसाच उभा राहिलो. बशीरभाई सीटच्या फटीतून, घामानं निथळत, माझ्याकडं बघत होते.

अडकली होती ती चादर. तिचा कोपरा चावल्यासारखा झाला होता. पण चादरीच्या आरपार गंजाचं पाणी मुरलं होतं, आणि लुगड्याच्या पदराच्या कोपऱ्यावर चिंचोक्याएवढा तांबूस डाग पडला होता.

"हे लॉक आता भरवशाचं नाय," बशीरभाई म्हणाले. "गावी जाऊन नवीन घाला. तोवर दोरी बांधा. आणि मीठ न्यायचं तर डब्यात न्या, मेहरबानी करून." मजुरी सांगितली ती मला कमीच वाटली. मी शाळू घ्या म्हटलं, तर त्यांनी चटणीचा डबा मागितला.

जासई

रस्ता आता ओळखू येत नाही. दोन्ही बाजूंना कंटेनरच्या चळती, लाल, निळे, एकावर एक, आणि मधून जाणारे लांबच लांब ट्रेलर. त्यांच्या रांगेत माझी सुतळीनं बांधलेली डिकी. पोचायला चार वाजून पाच मिनिटं झाली. मांडवाच्या तोंडाशी जनार्दन उभा होता. पन्नाशीचा माणूस, पण सुमनसारखाच कपाळ आक्रसून रस्त्याकडं बघत होता.

लुगडं आत गेलं. मी ओट्यावर बसलो. आतून बायकांचे आवाज येत होते, आणि त्यांत एक आवाज नव्हता. मला त्या डागाची लाज वाटत होती. छत्तीस वर्षं तिनं सांभाळलं, मी दोन दिवसांत घाण केलं.

अर्ध्या तासानं प्राची बाहेर आली. हिरवं लुगडं, लाल काठ. ती कामोठ्याच्या एका बँकेत नोकरी करते, रोज पँट-शर्टात जाते. लुगड्यात ती वेगळीच दिसत होती, आणि चालताना एक खांदा किंचित पुढं काढत होती, थेट आत्यासारखी. मी उठलो.

"प्राची, पदराला डाग पडलाय बाळा. माझी चूक. मी दाबून लावली डिकी, तिच्या मिठाचा गंज लागला."

"बघितला मामा." तिनं पदराचा तो कोपरा हातात धरला. "काकी म्हणत होती आत खोचून टाक. मी म्हटलं, नाही, बाहेरच ठेव. आत्तीनं सही केलीय असं समजायचं."

हळद लागायला सुरुवात झाली तसा मी मांडवाच्या कडेला, खुर्च्यांच्या मागं सरकलो. बायको गेलेल्या माणसानं अशा वेळी पुढं-पुढं करू नये, हे कुणी शिकवलेलं नसतं, आपोआप कळतं. पण प्राचीनं पाटावरूनच हाक मारली. मी हातानं नको नको केलं. ती उठली. हळदीत बसलेली नवरी उठते का कधी? बायका ओरडल्या. ती थेट माझ्यापर्यंत आली आणि दोन्ही हातांची ओली हळद तिनं माझ्या दोन्ही गालांना लावली.

"तुमच्या लग्नात हळद झाली नव्हती ना? आत्ती नेहमी सांगायची. तिची मी लावून घेतली, ही तुमची."

मला रडू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. तेवढ्यात डीजे सुरू झाला म्हणून बरं.

परतताना

लग्न छान झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन मी निघालो. जनार्दन म्हणाला, थांबा, जरा जाऊन येतो. मला माहीत होतं कुठं. दर खेपेला बहीण-भाऊ मोटारसायकलवर जायचे आणि दोन-तीन तासांनी मिठाची पिशवी घेऊन यायचे. मी मात्र इथंच ओट्यावर पेपर वाचत बसायचो. सासऱ्यांनी पहिल्या वर्षी मिठागराच्या बांधावर नेलं होतं, त्यानंतर गुडघ्याचं निमित्त सांगून मी कधी गेलोच नव्हतो.

"या वेळी मीही येतो," मी म्हटलं. "तुमचं मिठागर दाखव मला."

जनार्दननं मान खाली घातली. मग मला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि निघाला. गावाबाहेर एका उंच भिंतीपाशी त्यानं गाडी थांबवली. भिंतीच्या वर कंटेनर दिसत होते.

"हीच जागा, भावजी."

"कधीपासून?"

"आठ वर्सां झाली."

मला काही कळेना. "मग मीठ? दर वर्षी आणत होता ते?"

"पेनच्या बाजूला एक मिठागर हाय. तिथून आनायचू आमी." तो भिंतीकडं बघत बोलत होता. "बायनं शप्पत घातली होती मला. बोलली, मास्तर वर्गान पोरांना सांगतात, माझ्या सासऱ्याचं मिठागर. त्यांना कलू देऊ नको. तुमी रिटायर झाल्याव मी बोललू, आता कशाला? तं बोलली, आता तं जास्तच पायजे. आता ते शेजारच्या पोरांना सांगतात."

भिंतीपलीकडं क्रेन चालली होती. तिचं मिठागर गेलं, तिनं त्याचं दुःख कुणाजवळ बोलून दाखवलं असेल, की नसेलच? मी तर बार्शीपर्यंत वासावरून बोलत राहायचो आणि ती खिडकीतून बाहेर बघत असायची. त्या बंद खिडकीकडं आता मला एकदा, फक्त एकदा, परत जायचं आहे. काही बोलायचं नाही. नुसती तिच्या बाजूची काच खाली करायची आहे.

"आज पन पहाटंच आनलंय," जनार्दन म्हणाला. "देऊ का नको समजत नव्हतं, म्हनून मगाशी जाऊन येतू बोललू." मोटारसायकलच्या हँडलला पिशवी होती. मी ती घेतली आणि घरी येऊन गाडीच्या डिकीत ठेवली. जनार्दन डबा देत होता, पण पिशवीच ठेवली, उजव्या कोपऱ्यात, आणि सुतळी बांधली.

बार्शीत येऊन दोन महिने झाले. नवीन लॉक बसवलं. बसवणारा म्हणाला, "सर, हे मीठ काढा, नाहीतर हेही गंजेल." मी हो म्हटलं. काढलं नाही. डिकीही या वेळी धुतली नाही.

रोज सकाळी गाडी पुसतो, आणि पुसून झाली की एकदा डिकी उघडतो. काढायचं काहीच नसतं.